ऑक्टोबर १९४९ : पेडर फुरुबोत्न प्रकरण

नॉर्वेत १० ऑक्टोबर १९४९ रोजी संसदेची निवडणूक झाली. चार वर्षांपूर्वी जवळपास बारा टक्के मतं आणि अकरा जागा मिळवलेला कम्युनिस्ट पक्ष या वेळी ५.८ टक्क्यांवर घसरला. जागांचा भोपळाही फुटला नाही.

पाच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, तिकडे बुडापेस्टमध्ये लास्लो राइकला फाशी दिली गेली. राइक हा हंगेरीचा माजी गृहमंत्री आणि परराष्ट्रमंत्री. युद्धकाळात देशातच राहून त्याने भूमिगत पक्ष चालवला होता. आपण मॉस्कोशी बिनसलेल्या युगोस्लाव्हियाच्या टिटोचे आणि पाश्चात्त्य गुप्तहेर खात्यांचे हस्तक आहोत, असं त्याने भर कोर्टात कबूल केलं होतं. ती कबुली कशी काढून घेतली गेली हे जगाला पुढे कळलं. त्या वेळी मात्र देशोदेशीच्या कम्युनिस्ट पक्षांनी त्यातून एकच बोध घेतला: आपापल्या घरातला राइक शोधा.

ओस्लोत तो शोधायला दोन आठवडेही लागले नाहीत. पराभवानंतरच्या पक्षसभेत योहान स्ट्रांड योहान्सेन बोलायला उभा राहिला. १९४५च्या सर्वपक्षीय सरकारात मंत्री राहिलेला, पक्षात वजन असलेला नेता. पक्षाच्या आत बूर्ज्वा राष्ट्रवाद्यांचं एक केंद्र काम करतंय आणि त्याच्या मुळाशी पेडर फुरुबोत्न, म्हणजे युद्धकाळातला भूमिगत पक्षाचा सरचिटणीस, आहे, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. महिना संपायच्या आत फुरुबोत्न आणि त्याचे जवळचे साथी बाहेर फेकले गेले आणि पक्षकार्यालय दुसऱ्या गटाच्या ताब्यात गेलं. ट्रॉट्स्कीवादी, टिटोवादी, राष्ट्रवादी ही बिरुदं चिकटलीच. पण सगळ्यांत विषारी आरोप युद्धाच्या दिवसांवर होता. हा माणूस म्हणे गेस्टापोचा, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचा, हस्तक होता.

ज्याला पकडण्यासाठी जर्मनांनी जून १९४४ मध्ये शेकडो माणसं डोंगरात घातली होती, त्याच्याबद्दल हे बोललं जात होतं.

हे प्रकरण मी बरीच वर्षं मनात घोळवत आलो आहे. नॉर्वेच्या बाहेर फारशा कुणाला माहीत नसलेल्या या माणसाच्या आयुष्यात विसाव्या शतकातल्या डाव्या चळवळीचा एक मोठा पेच अगदी उघडा पडतो. युद्धात काय घडलं हे एकदाच घडलं. त्याचा अर्थ मात्र दर काही वर्षांनी बदलत गेला, आणि तो बदलणाऱ्यांना युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे इथे आरोप आणि कृती वेगळ्या करून, एकेक कृती तिच्या तिच्या तारखेला ठेवून बघायचा प्रयत्न आहे.

बर्गेन, मग मॉस्को

फुरुबोत्नचा जन्म २८ ऑगस्ट १८९० चा, पश्चिम किनाऱ्यावर सोग्न भागातल्या ब्रेक्के गावचा. बर्गेन शहरात तो फर्निचरचं सुतारकाम करायचा आणि कामगार संघटनेतूनच राजकारणात आला. नॉर्वेचा मजूर पक्ष १९१९ मध्ये कॉमिन्टर्नमध्ये, म्हणजे मॉस्कोहून चालणाऱ्या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेत, दाखल झाला होता. पश्चिम युरोपात एवढा मोठा पक्ष असं पाऊल उचलतो ही दुर्मिळ गोष्ट होती. पण मॉस्कोचे हुकूम पाळायचे की आपलं घर आपण चालवायचं, यावर भांडण पेटलं आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पक्ष फुटला. मॉस्कोच्या बाजूने राहिलेल्यांनी नॉर्वेचा कम्युनिस्ट पक्ष काढला. फुरुबोत्न त्याचा सचिव झाला आणि १९२५ पासून अध्यक्ष.

म्हणजे ज्याला पुढे 'राष्ट्रवादी' म्हणून हाकललं, तो १९२३ मध्ये मॉस्कोच्या बाजूने उभा राहिलेला माणूस होता. १९३० मध्ये त्याला नेतृत्वावरून दूर करून मॉस्कोला बोलावून घेतलं गेलं. पुढची आठ वर्षं त्याने कॉमिन्टर्नच्या यंत्रणेत काढली. त्यातली शेवटची दोन वर्षं स्तालिनच्या शुद्धीकरणाची. परदेशी कम्युनिस्ट ज्या इमारतींमध्ये राहत, तिथली माणसं रात्रीतून नाहीशी होत होती. १९३८ मध्ये तो जिवंत परतला आणि बर्गेनला येऊन पश्चिमेकडच्या पक्षाचं काम बघू लागला. ओस्लोतल्या मध्यवर्ती नेतृत्वात त्याला स्थान नव्हतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

१९४०चा उन्हाळा

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनी नॉर्वेत घुसली. लढाई १० जूनपर्यंत चालली. राजा हॉकन सातवा आणि सरकार लंडनला गेले आणि हिटलरने योसेफ टेरबोव्हेनला प्रशासक म्हणून बसवलं. जर्मनांना सामील झालेल्या विडकुन क्विसलिंगचं नाव तर इंग्रजी भाषेत गद्दाराला समानार्थी शब्द होऊन बसलं.

कम्युनिस्ट पक्षाची या काळातली वागणूक हा त्याच्या इतिहासातला खरा डाग आहे आणि तो झाकून काही लिहिण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये स्तालिन आणि हिटलर यांच्यात करार झाला होता. त्यामुळे कॉमिन्टर्नच्या लेखी हे युद्ध दोन साम्राज्यवादी टोळ्यांचं भांडण होतं. ओस्लोतलं पक्षाचं वर्तमानपत्र 'आर्बाइदेरेन' आक्रमणानंतरही निघत राहिलं. त्याचा राग ब्रिटन-फ्रान्सवर आणि देश सोडून गेलेल्या सरकारवर जास्त होता, दाराशी उभ्या असलेल्या जर्मनांवर कमी. १६ ऑगस्टला टेरबोव्हेनने पक्षावर आणि पत्रावर बंदी घातली. बाकीच्या पक्षांवर बंदी आली ती २५ सप्टेंबरला, म्हणजे कम्युनिस्टांच्या सव्वा महिना नंतर. 'आमच्यावर सर्वांत आधी बंदी आली' हे कम्युनिस्ट पुढे अभिमानाने सांगत राहिले. ते खोटं नाही. पण बंदी येईपर्यंतचे चार महिने त्यांना कायम आडवे येत राहिले.

त्या उन्हाळ्यात कामगार संघटनांमध्येही एक गट उभा राहिला. जुन्या नेतृत्वाला हटवा आणि जर्मन सत्तेशी जुळवून घेऊन कामगारांचं काय साधता येईल ते साधा, असा त्याचा सूर होता. त्यात काही कम्युनिस्ट होते, आणि मजूर पक्षाचा होकन मायरही होता. या मायरचे वडील लुडविग मायर एकेकाळी मजूर पक्षाचे अध्यक्ष होते. मुलगा शांततावादी, डाव्या विचारांचा, अभ्यासू. हाच माणूस पुढे पायरीपायरीने जर्मनांच्या यंत्रणेत गेला आणि युद्धानंतर देशद्रोहाच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली. मायरचं उदाहरण इथे मुद्दाम देतोय. 'वादग्रस्त युद्धकाळ' हा शब्द मायरलाही लावतात आणि फुरुबोत्नलाही, आणि या दोघांना एकाच पंक्तीला बसवणं हा उघड अन्याय आहे. एकाने शत्रूची खुर्ची घेतली. दुसऱ्याच्या डोक्यावर शत्रूची टांगती तलवार होती.

बर्गेनमध्ये फुरुबोत्नचा सूर वेगळा होता. आक्रमण झालंय, देश गुलाम झालाय, तेव्हा कामगारांचा लढा आधी राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा लढा आहे, हा त्याचा आग्रह. या बाबतीत त्याचं ओस्लोशी पटत नव्हतं. त्याचा आग्रह किती उघड होता आणि किती बैठकीपुरता, यावर अभ्यासक वाद घालतात. पण दिशा कोणती होती याबद्दल फारसं दुमत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा गुंता ओळखीचा वाटेल. २२ जून १९४१ ला हिटलर सोव्हिएत युनियनवर चालून गेला आणि कालचं 'साम्राज्यवादी युद्ध' सगळ्या जगात 'लोकयुद्ध' झालं. त्याच पवित्र्यापायी भारतीय कम्युनिस्ट पक्ष बेचाळीसच्या 'चले जाव'च्या बाहेर राहिला, आणि 'तेव्हा तुम्ही कुठे होतात?' हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कितीतरी त्यागी कार्यकर्त्यांना म्हातारपणापर्यंत ऐकावा लागला. नॉर्वेत त्याच वळणाचं फळ नेमकं उलटं आलं. तिथे लोकयुद्ध म्हणजे देशावर बसलेल्या जर्मनांविरुद्ध लढणं, त्यामुळे मॉस्कोचा आदेश आणि देशाची भावना एका रेषेत आली. हुकूम एकच, पण मुंबईत त्याने पक्षाला लोकांपासून तोडलं आणि ओस्लोत लोकांशी जोडलं. फुरुबोत्नचा मोठेपणा एवढाच की तो या रेषेवर हुकमाची वाट न बघता आधीच उभा होता.

डोंगरातलं मुख्यालय

जून १९४१ मध्ये जर्मनांनी कम्युनिस्टांची धरपकड केली आणि जुनं नेतृत्व तुरुंगात गेलं. ८ सप्टेंबरला ओस्लोच्या कारखान्यांत कामगारांना मिळणारं दूध बंद झालं म्हणून संप पेटला. टेरबोव्हेनने आणीबाणी लावली आणि १० सप्टेंबरला दोघांना गोळ्या घातल्या. एक होता विगो हान्स्टेन, कामगार महासंघाचा वकील आणि कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य. दुसरा रॉल्फ विकस्ट्रॉम, कारखान्यातला कामगार प्रतिनिधी. दुधाच्या मागणीसाठी माणसं मारली गेली, आणि या राजवटीत घासाघीस करून काही मिळेल ही आशा त्या दिवशी संपली.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९४१ ला, भूमिगत पक्षाने फुरुबोत्नला सरचिटणीस केलं. अकरा वर्षांनी नेतृत्व परत त्याच्याकडे आलं, तेही पन्नाशी उलटल्यावर, डोक्यावर फाशी लटकत असताना.

शहरात राहणं शक्यच नव्हतं. मुख्यालय डोंगरात गेलं, आधी हेमसेदाल भागात आणि पुढे वाल्द्रेसमध्ये. नॉर्वेच्या डोंगरांत 'सेटर' असतात. उन्हाळ्यात गुरं वर चरायला नेतात, तिथे राहून दूध काढायचं आणि लोणी-चीज करायचं, त्यासाठी बांधलेल्या लाकडी खोप्या. गुरं खाली उतरली की थंडीभर त्या रिकाम्या पडतात. अशा खोप्यांमधून एक राजकीय पक्ष चालत होता. टाइपरायटर, स्टेन्सिल, कागदाचे गठ्ठे, पहारेकरी, आणि बर्फातून स्कीवरून शहरापर्यंत ये-जा करणारे निरोपे. चुलीचा धूर सुद्धा विचार करून काढावा लागे, कारण ओसाड सेटरवर जानेवारीत धूर दिसणं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच. 'फ्रिहेटेन' म्हणजे 'स्वातंत्र्य' हे भूमिगत पत्र याच काळातलं.

फुरुबोत्नच्या धोरणाला 'सक्रिय लढा' म्हणत. कारखाने, रेल्वे, जर्मनांची सामग्री यांच्यावर घाव घालायचा, आत्ता घालायचा, मित्रराष्ट्रं उतरतील तेव्हाची वाट बघत बसायचं नाही. बिगरकम्युनिस्ट प्रतिकार चळवळीची मिलोर्ग नावाची लष्करी संघटना होती आणि तिचं लंडनशी सूत होतं. तिचा हिशेब वेगळा होता. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश आणि त्यात युद्धाच्या अखेरीस तीन लाखांहून जास्त जर्मन सैनिक. एक पूल उडवला की दहा निरपराध ओलीस भिंतीशी उभे राहणार. तेव्हा सैन्य बांधा, शस्त्रं जमवा, पण वेळ येईपर्यंत थांबा.

हा वाद सोपा नव्हता आणि आजही नाही. एप्रिल १९४२ मध्ये बर्गेनजवळच्या टेलेवोग गावात दोन गेस्टापो अधिकारी मारले गेले. जर्मनांनी अख्खं गाव जाळून टाकलं, ७२ पुरुषांना जर्मनीत साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत धाडलं, त्यातले ३१ तिथेच मेले. शिवाय या घटनेशी काडीचाही संबंध नसलेल्या अठरा कैद्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायावात्न आणि ट्रॉन्हाइम परिसरात ३४ जणांना मारलं. या दोन्ही घटनांचे धागे लंडनशी जोडलेल्या जाळ्याकडे जात होते, कम्युनिस्टांकडे नव्हे. पण त्यांनी सगळ्या देशाला दाखवून दिलं की एका गोळीची किंमत किती. हे समोर घडत असताना 'लढत राहा' म्हणणाऱ्या नेत्याला प्रश्न विचारलाच पाहिजे: सूडात मरणारी माणसं तुझ्या हिशेबात कुठे आहेत?

फुरुबोत्नच्या बाजूचं उत्तर असं की थांबल्याने माणसं मरत नाहीत हा भ्रम आहे. हान्स्टेन आणि विकस्ट्रॉम यांनी कुठे बाँब ठेवला होता? गुलामी लांबली की तिच्यात मरणारेही वाढतात. आणि हेही खरं की शेवटच्या वर्षात मिलोर्ग स्वतःच या वाटेवर आली. १९४४ मध्ये तरुणांची सक्तीची कामगार भरती हाणून पाडताना, १९४५ मध्ये रेल्वे उखडताना तिने घातपातच केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनांच्या बाजूच्या राज्य पोलिसांचा प्रमुख कार्ल मार्थिन्सेन याला प्रतिकार चळवळीनेच ठार केलं आणि जर्मनांनी त्याचा सूड नेहमीप्रमाणेच कैद्यांना गोळ्या घालून उगवला. त्या निर्णयावरही चर्चा झाली, पण तो घेणाऱ्यांच्या देशभक्तीवर कुणी शंका घेतली नाही. माझ्या मते फुरुबोत्नच्या धोरणावरचा हा आक्षेप गंभीर आहे, त्याचं पूर्ण समाधान त्याने कधी केलेलं दिसत नाही. तरी हा आक्षेप सगळ्याच लढणाऱ्यांना लागू होतो, एकट्याला नाही.

या धोरणाची धार होती आस्ब्यॉर्न सुंदे. खलाशी, स्पेनच्या यादवी युद्धात लढलेला, 'ओस्वाल्ड' या टोपणनावाने घातपाती गट चालवणारा. त्याच्या गटाने युद्धकाळात शंभराहून जास्त कारवाया केल्या. नॉर्वेत दुसऱ्या कुठल्या गटाच्या नावावर क्वचितच एवढं काम असेल. १९४२ पासून त्याची माणसं पक्षासोबत काम करत होती आणि फुरुबोत्नच्या मुख्यालयाचा पहाराही करत होती. पण सुंदेचं जाळं मुळात सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेने बांधलेलं होतं, त्याचे आदेश दुसरीकडून यायचे. लढाऊ गट पक्षाच्या हाताखाली पाहिजे, असा फुरुबोत्नचा हट्ट होता. १९४४च्या सुरुवातीला दोघांचं फाटलं ते कायमचं. या भांडणात माणूस म्हणून कोण जास्त दुखावला, हे सांगता येणं कठीण आहे. पण राजकीय मुद्दा स्पष्ट होता: नॉर्वेतल्या कम्युनिस्टांचं सैन्य कुणाचं ऐकणार, नॉर्वेतल्या पक्षाचं की मॉस्कोच्या खात्याचं? १९४९ मध्ये त्याच्यावर जे शेकलं, त्याचं बी इथे पेरलं गेलं असं मला वाटतं.

जून १९४४ मध्ये जर्मनांनी वाल्द्रेसमधलं मुख्यालय हुडकलं. 'आल्मेनराउश' या नावाने मोठी मोहीम काढून त्यांनी डोंगर वेढला, सेटर पिंजून काढले. काही माणसं हाती लागली, पण फुरुबोत्न सापडला नाही. नव्या जागी पक्ष पुन्हा उभा राहिला आणि मे १९४५ पर्यंत चालत राहिला.

शांततेची चार वर्षं

युद्ध संपलं तेव्हा कम्युनिस्टांचा मान मोठा होता. उत्तरेला किर्केनेस लाल सेनेने ऑक्टोबर १९४४ मध्ये मुक्त केलं होतं, आणि १९४५ मध्ये ते सैन्य कुरकुर न करता परतही गेलं. भूमिगत 'फ्रिहेटेन' आता उघड दैनिक झालं. पहिल्या सर्वपक्षीय सरकारात पक्षाचे दोन मंत्री होते, एक योहान्सेन आणि दुसरी किर्स्टेन हान्स्टेन, दूधसंपानंतर मारल्या गेलेल्या विगोची पत्नी. नॉर्वेच्या मंत्रिमंडळात बसलेली ती पहिली स्त्री. मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एक व्हावं, अशी बोलणीही उन्हाळाभर चालली. ती मोडली. मजूर पक्षाने खापर फुरुबोत्नच्या ताठरपणावर फोडलं आणि पक्षातल्या त्याच्या विरोधकांनीही पुढे तेच केलं.

मग वारं फिरलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. २९ फेब्रुवारीला पंतप्रधान आयनार गेरहार्डसेन यांनी क्रोकेरॉय इथल्या भाषणात सांगून टाकलं की नॉर्वेच्या लोकशाहीला धोका आहे तो कम्युनिस्ट पक्षाचा आणि त्याचा प्रभाव शक्य तेवढा कमी करणं हे आपलं पहिलं काम आहे. गेरहार्डसेन स्वतः साक्सेनहाउसेनमध्ये राहून आलेला माणूस. तिथे कम्युनिस्ट कैद्यांसोबत भाकरी वाटून खाल्लेली. त्याच्या तोंडचे हे शब्द कम्युनिस्टांच्या फार वर्मी लागले. जूनमध्ये टिटोच्या युगोस्लाव्हियाला कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या नव्या संघटनेतून काढलं. एप्रिल १९४९ मध्ये नॉर्वे नाटोत गेलं. बाहेर सरकारची पाळत, आत मॉस्कोची संशयी नजर, आणि मधे फुरुबोत्न. १९४८ मध्ये त्याने नॉर्वेच्या सार्वभौमत्वाच्या लढ्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा रोख अमेरिकेवर, मार्शल योजनेवर होता. पण १९४८ साल असं होतं की 'सार्वभौमत्व' हा शब्द कुठल्याही कम्युनिस्टाने उच्चारला की मॉस्कोत टिटोच्या बेलग्रेडचा वास यायचा.

आरोपांची छाननी

गेस्टापोच्या हस्तकाचा आरोप आधी घेऊ, कारण तो सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत पोकळ आहे. त्याला आधार म्हणावा असं काहीही पुढे आलं नाही. युद्धानंतर नॉर्वेत देशद्रोह्यांवर हजारो खटले चालले, क्विसलिंगला ऑक्टोबर १९४५ मध्ये गोळ्या घातल्या. त्या सगळ्या छाननीत फुरुबोत्नवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. पक्षानेही ठेवलं नव्हतं. उलट त्याच्या युद्धकाळाचं भांडवल करूनच पक्षाने मतं मागितली. चार वर्षांत नवा पुरावा आला नाही, फक्त नवी गरज आली.

बूर्ज्वा राष्ट्रवादाचा आरोप वेगळा आहे, त्यात तथ्याचा कण आहे. फुरुबोत्नला पक्ष नॉर्वेचा हवा होता. सुंदेशी तो भांडला ते यावरूनच. पण सोव्हिएत युनियनवरची त्याची निष्ठा ढळली होती असं त्याच्या लिखाणात कुठे दिसत नाही. टिटोची पाठराखण त्याने केली नव्हती. तो गुन्हेगार ठरला तो स्वतंत्रपणे वागण्याची सवय लागल्यामुळे, आणि ती सवय युद्धानेच लावली होती. तीन वर्षांहून जास्त काळ भूमिगत राहून, मॉस्कोशी धड संपर्क नसताना, माणसांच्या जिवाचे निर्णय स्वतः घेतलेला नेता पुन्हा निरोप्या कसा होणार?

हे एकट्या नॉर्वेत घडलं असतं तर स्ट्रांड योहान्सेन, एमिल लॉव्हलिएन, युस्ट लिप्पे या विरोधी गटातल्या लोकांचा स्वभाव तपासून प्रकरण मिटवता आलं असतं. पण यादी बघा. हंगेरीत राइक. पोलंडमध्ये व्लादिस्लाव गोमुल्का, जर्मन अंमलात देशातच राहून पक्ष चालवलेला. १९४८ मध्ये पदच्युत, १९५१ मध्ये अटकेत. बल्गेरियात त्रायचो कोस्तोव्ह, डिसेंबर १९४९ मध्ये फाशी. फ्रान्समध्ये शार्ल तियों, जर्मनांविरुद्ध कम्युनिस्ट सशस्त्र दलाचा प्रमुख. १९५२ मध्ये बाजूला. त्याच प्रकरणात आंद्रे मार्ती तर पोलिसांचा हस्तक ठरला. मार्ती सोडला तर सगळीकडे घाव एकाच जागी बसतोय: ज्यांनी मायभूमीवर राहून प्रतिकार केला, ज्यांना स्वतःचं बळ होतं, त्यांच्यावर. आणि हत्यार म्हणून वापरला जातोय त्यांचाच युद्धकाळ.

युद्धकाळच का, याचं उत्तर भूमिगत जीवनाच्या स्वरूपात आहे. तिथे कागद जाळायचे असतात, नावं खोटी असतात, एका माणसाला दुसऱ्याचा पत्ता ठाऊक नसतो. प्रत्येक अटकेमागे कुणीतरी फुटला असणार ही शंका असतेच, प्रत्येक सुटकेमागेही असते. वाल्द्रेसच्या वेढ्यातून फुरुबोत्न निसटला, याचा १९४५ मध्ये अर्थ होता 'केवढा धीराचा माणूस'. १९४९ मध्ये त्याच निसटण्यावर प्रश्नचिन्ह लागलं: बाकीचे सापडले आणि हाच कसा सुटला? घटना तीच, तिच्यावर नवा कागदही आला नाही.

आपल्याकडे १९६४ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांच्या नावाची १९२४ सालची पत्रं बाहेर आली. ब्रिटिश सरकारला तुरुंगातून लिहिलेली म्हणून सांगितलेली. डांग्यांनी ती बनावट म्हटली, विरोधकांनी खरी मानली. पत्रांच्या खरेपणाबद्दल मी इथे निवाडा करत नाही. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. चाळीस वर्षं जुने कागद नेमके तेव्हा वर आले जेव्हा पक्ष दुभंगायच्या बेतात होता, आणि त्याच वर्षी तो दुभंगला. जुना इतिहास उकरला जातो तेव्हा उकरणाऱ्याचं आजचं भांडण काय आहे, हे आधी विचारावं, असं मी या दोन्ही प्रकरणांवरून शिकलो.

उरला १९४०चा डाग. ऑक्टोबर १९४९ मध्ये फुरुबोत्नवर आरोपांचा वर्षाव होत असताना या डागाचा हिशेब कुणी मागितला नाही. ती चूक खरी होती, आणि तीच नेमकी त्याची नव्हती. पक्षाच्या आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट चौकशीबाहेर राहिली आणि ज्याने पक्षाला तिच्यातून बाहेर काढलं तो आरोपी झाला. या प्रकरणातली मला सगळ्यांत जास्त बोचणारी गोष्ट हीच.

नंतर

फुरुबोत्नसोबत युद्धकाळातले कितीतरी कार्यकर्ते गेले किंवा घालवले गेले. राइकला १९५६ मध्ये हंगेरीने सन्मानाने पुन्हा पुरलं, गोमुल्का त्याच वर्षी पोलंडचा नेता झाला. नॉर्वेत तसं काही झालं नाही. तुरुंग नव्हता, फाशी नव्हती, म्हणून सुटका करायचा प्रसंगही नव्हता. नुसती गप्प बसण्याची शिक्षा होती, आणि तिला मुदत नसते. फुरुबोत्न लिहीत राहिला, थोडे निष्ठावान लोक त्याच्याभोवती राहिले. ज्या सुंदेशी त्याचं फाटलं होतं, तो १९५४ मध्ये सोव्हिएत हेरगिरीच्या आरोपाखाली आठ वर्षांसाठी तुरुंगात गेला. त्यामुळे ओस्वाल्ड गटाच्या सगळ्या कामावरच काळं फासलं गेलं. अधिकृत इतिहासात मिलोर्ग आणि लंडनहून आलेले वीर राहिले, कम्युनिस्ट घातपाती तळटीपेत गेले.

१९९६ मध्ये संसदेने नेमलेल्या लुंड आयोगाचा अहवाल आला. नॉर्वेच्या पोलिसांच्या गुप्त शाखेने वर्षानुवर्षे कम्युनिस्टांवर कायदा धाब्यावर बसवून पाळत ठेवली, फोन ऐकले, हे त्यातून उघड झालं. ज्यांना पक्ष शत्रूचे हस्तक म्हणत होता, त्यांना सरकार मॉस्कोचे हस्तक समजत होतं. २०१३ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी कम्युनिस्ट घातपाती गटांतल्या हयात लोकांचा सन्मान केला. २०१५ च्या १ मे रोजी ओस्लोच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळ ओस्वाल्ड गटाचं स्मारक उभं राहिलं: एक मोठा हातोडा, त्याखाली फुटलेलं स्वस्तिक. त्या हातोड्याच्या आकारात एक सरळपणा आहे. त्याला कुणाच्या ठरावाची भाषा येत नाही.

पक्षाची वाटचाल आकड्यांतच दिसते. १९५३ मध्ये तीन जागा, १९५७ मध्ये एक, १९६१ मध्ये पुन्हा शून्य. त्याच वर्षी मजूर पक्षातून बाहेर पडलेल्या नाटोविरोधकांनी समाजवादी लोकपक्ष काढला, मॉस्कोशी नातं न ठेवता, आणि पहिल्याच फटक्यात दोन जागा घेतल्या. १९७३ मध्ये मजूर पक्षाच्या डावीकडचे बहुतेक गट एकत्र लढले तेव्हा सोळा खासदार आले. मग या आघाडीचा एकच पक्ष करायचं ठरलं. १९७५च्या शरदात कम्युनिस्ट पक्षाने आपण विसर्जित होणार नाही, वेगळेच राहू, असा निर्णय घेतला. त्याच नोव्हेंबरमध्ये फुरुबोत्न वारला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन. हयातीत पक्षाने त्याला परत घेतलं नाही.